सी भाषेतला साधा 'चार' (char): टूल दुरुस्त करायचं की कोड?

वाळूजचा नाइटशिफ्टवाला
विहिरीवरच्या मोटारीचा कंट्रोलर. पातळी मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटली की फंक्शन उणे १ परत देतं. कुणीतरी ते साध्या 'चार'मध्ये (सीमधला एका बाइटचा टाइप) ठेवलं आणि खाली लिहिलं: शून्याहून कमी असेल तर मोटार बंद, २० टक्क्यांच्या वर असेल तर चालू. कंट्रोलरच्या एआरएम चिपवर जीसीसी (कंपायलर) साधा चार अनसाइन्ड, म्हणजे बिनचिन्हाचा, ० ते २५५ धरतं. उणे १ चे झाले २५५. विहीर कोरडी, मोटार चालूच! आमचं घरचं स्टॅटिक ॲनालिसिस टूल (कोड न चालवताच चुका शोधणारं) एक्स८६ (पीसीच्या प्रोसेसर) सारखं चार साइन्डच, म्हणजे उणे आकडेही घेणारा, धरून बसलेलं, म्हणून ते गप्प. टार्गेट, म्हणजे कोड ज्या चिपवर चालणार ती, बघून चिन्ह ठरवलं असतं, तर 'ही अट कधीच खरी होत नाही' हे त्यानं तिथल्या तिथं सांगितलं असतं. तेवढं बदला.

गोदाकाठ (नांदेड)
टूलला कशाला बोल लावायलात भाऊ? सी९९ (सीचं १९९९चं स्टँडर्ड) पासून इंट८_टी (int8_t, कायम साइन्ड असणारा ८ बिटांचा टाइप) आहे, ते वापरा. विषय संपला.

वाळूजचा नाइटशिफ्टवाला
नव्या कोडला ठीक. जुन्या फायलींना हात कोण लावणार, तुम्ही? सीपीपीचेक ह्या तसल्याच टूलमध्ये प्लॅटफॉर्मच्या फायलीत चारचं चिन्ह लिहायची सोय आहे. मी काही जगावेगळं मागत नाही.

लातूरची कंपायलरवाली
दोघंही अर्धंच बोलायलात. स्टँडर्डमध्ये चार, साइन्ड चार आणि अनसाइन्ड चार हे तीन वेगळे टाइप आहेत. टूलनं पहिला दुसऱ्यात ढकलला, बग तिथं आहे. तुमच्या सेटिंगनं फक्त ढकलायची दिशा बदलेल. चिन्हामुळं उत्तर बदलत असेल तिथं इशारा द्या, टार्गेट कुठलंही असो.

गोदाकाठ (नांदेड)
मग स्ट्रिंगची, म्हणजे मजकूर हाताळणारी, प्रत्येक ओळ लाल होणार ताई. इशाऱ्यांचा ढीग पडला की कुणी वाचत नाही, सगळे बंद करून मोकळे होतात.

लातूरची कंपायलरवाली
का म्हणून? अक्षर 'ए' आहे का, एवढं तपासताना चिन्हानं काही बिघडत नाही. बिघडतं ते शून्याहून कमी आहे का बघताना, मोठ्या इंट टाइपमध्ये नेताना, ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरताना. तिथंच बोलायचं.

परभणीकर
आमच्याकडं मोटार रिवाइंडिंगवाल्याला हे समजावून सांगा. तो म्हणेल, चालू द्या असंच.

वाळूजचा नाइटशिफ्टवाला
बरं, दोन्ही करू. टार्गेटचं सेटिंग आधी, ताईंचा इशारा पुढच्या रिलीजला. डीफॉल्ट काय ठेवू?

लातूरची कंपायलरवाली
काहीच नको. टार्गेट दिलं नाही तर टूल चालायलाच नको.

गोदाकाठ (नांदेड)
झालं! सोमवारी सगळ्यांचे बिल्ड अडकणार आणि फोन मला येणार.