देवगडची जुनी इम्पल्स : रिस्टोअर करावी की नाद सोडावा?

सड्यावरचा :
देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीत हिरो इम्पल्स ही मोटरसायकल विकायची आहे. नोंदणी जानेवारी २०१२, एमएच-०७, पहिलाच मालक. तीन पावसाळे पत्र्याच्या पडवीत उभी आहे. किक खाली जात नाही, टाकीत आतून गंज, पुढच्या फोर्कच्या पाइपांवर गंजाचे खड्डे. मालक १८ हजार मागतो. मेकॅनिक म्हणतो, २५ हजारांत चालू करून देतो. वापर कलमांच्या बागेपर्यंतच : सड्यावरची (कातळाच्या माळावरची) कच्ची वाट, पावसात लाल चिखल. हायवे जवळजवळ नाही. घ्यावी का? बाजूने आणि विरोधात, दोन्ही बाजूंनी लिहा.

खारा वारा :
घेऊ नका. आणि कारण इंजिन नाही, चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा आहे. खाडीकाठी उभ्या गाडीवर क्षाराचा थर बसत राहतो. पडवीत पाऊस लागत नाही, म्हणजे तो थर धुतलाही जात नाही. हवेतला दमटपणा मात्र पोचतो. त्यामुळे आडोशाची गाडी काही जागी उघड्यावरच्या गाडीपेक्षा जास्त सडते. बघायच्या जागा : बॅटरीच्या ट्रेखालचा भाग, सीटखालच्या नळ्यांचे वेल्डिंग, इंजिन माउंटिंगचे कान आणि स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट, म्हणजे तो हलतो तो सांधा. चिखल धुऊन काढा, लहान हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. आवाज बसका आला, की तिथे जाड स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. टोक आत गेलं तर तिथूनच परत फिरा. नळी आतून सडते, बाहेरून रंग शाबूत दिसतो. वर पट्टी वेल्ड करून मिळते, पण वेल्डशेजारचा पातळ झालेला पत्रा सड्यावरच्या धक्क्यांनी पुन्हा तडकतो.

पाना दहा-बारा :
चासीची तपासणी अगदी बरोबर सांगितलीत. पण तपासायच्या आधीच ‘घेऊ नका’ म्हणणं मला पटत नाही. या गाडीची जमेची बाजू तिचं इंजिन. १४९.२ सीसी, एअर कूल्ड, हिरोच्या सीबीझेड एक्स्ट्रीम आणि हंकच्याच घराण्यातलं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, क्लच प्लेटा कणकवली-कुडाळला आजही मिळतात किंवा दोन दिवसांत मागवून देतात. बंद पडलेल्या दुसऱ्या किती गाड्यांबद्दल असं म्हणता येईल?

किक जात नाही म्हणून जोर लावू नका. गंजाने पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेल्या असतात. दणका दिला तर रिंग तुटते, नाहीतर किकच्या गिअरचे दात जातात. प्लग काढा, भोकातून ४०-५० मिली डिझेल आणि पातळ तेल निम्मं-निम्मं मिसळून ओता, दोन दिवस ठेवा. मग पाचवा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. सुटलं तर प्लगच्या भोकावर फडकं धरून सगळं बाहेर काढा, इंजिन ऑइल बदला, मगच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेज लावून मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा थांबेपर्यंत पाच-सहा किका. १५० पीएसआयच्या आसपास आलं तर उत्तम. ११० च्या खाली आलं तर चमचाभर इंजिन ऑइल प्लगमधून सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा-बोअरचा दोष, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत.

लायनरवर रिंगा जिथे चिकटल्या होत्या तिथे गोल वळ दिसतील. नखाला लागत नसतील तर होनिंग (भिंत हलकी घासणं) आणि नव्या रिंगांवर भागतं. नखाला लागले की रिबोअर, म्हणजे बोअर कापून मोठं करणं. पहिल्या ओव्हरसाइजला, म्हणजे ०.२५ मिमीला, खड्डे निघाले नाहीत तर ०.५० मिमी करा, तरीही राहिले तर नवा स्लीव्ह (आतली नळी). त्यापुढे जाऊन नुसतं मोठं पिस्टन घालू नका, भिंत पातळ होते आणि एअर कूल्ड इंजिन तापतं. ही सगळी कामं जिल्ह्याबाहेर न जाता होतात.

खारा वारा :
इंजिनबद्दल वाद नाही. पण पाऊण गाडी इंजिनाबाहेर आहे. हंकचा पिस्टन मिळेल; इम्पल्सची टाकी, पुढचं उंच मडगार्ड, साइड पॅनल, मागचा मोनोशॉक (एकच शॉकअप) यांचं काय? असे मोनोशॉक बहुधा सीलबंद, गॅसचे असतात. गावात तो उघडून सील आणि तेल बदलतात, गॅस मात्र भरला जात नाही, मग चार महिन्यांत मागचा भाग नाव डोलते तसा डोलायला लागतो. दुसऱ्या गाडीचा शॉकअप लावायचा तर डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची (दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली) लांबी, बुशची रुंदी आणि पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला लागतो का, या तिन्ही गोष्टी मोजाव्या लागतात. ‘बसतो, बसतो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

आणि २५ हजारांचा आकडा मला अजिबात मान्य नाही. ढोबळ भाव धरून बेरीज करा. हेड-बोअरचं काम गॅस्केट आणि टायमिंग चेनसकट सहा-सात हजार. दोन टायर-ट्यूब पाच हजार. फोर्कचे पाइप घासून पुन्हा क्रोम, सील, तेल मिळून तीन हजार. चेन-स्प्रॉकेट दोन हजार. बॅटरी दीड. हँडलच्या बॉलरेस, चाकांची बेअरिंग, ब्रेकचे रबर आणि शू अडीच. चासीचं ब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज उडवणं) आणि पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला रंग) चार-पाच. इथेच २५ झाले, अजून वायरिंग, कार्ब्युरेटर, सीट आणि मजुरी धरलेली नाही. क्रँकचा रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा) वाजत असेल तर इंजिन पूर्ण खोलून आणखी चार-पाच. १८ हजार धरून सगळं ५० च्या वर जातं. तेवढ्यात थोडी भर घालून २०१९ नंतरची वापरलेली एक्सपल्स (हिरोचीच, कच्च्या वाटेची) शोधा.

कलमवाली :
खारा वारा, बागेतल्या वापराचा विचार करा ना. एक्सपल्स वजनाने जड, सुरुवातीच्या काही सोडल्या तर फ्युएल इंजेक्शनची. बागेत बिघडली तर मेकॅनिक लॅपटॉप कुठून आणणार? कार्ब्युरेटरची गाडी पाना आणि बारीक तार घेऊन सुटते. इम्पल्स १३४ किलो, पुढे १९ इंची चाक, तेही ९०/९०-१९, क्लासिक बुलेटला पुढे बसतं तेच माप. त्यामुळे टायरची अडचण नाही. टाकीतल्या गंजाला पण लगेच नवी टाकी नको. सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानातलं लिंबूफूल, लिटरला १०० ग्रॅम. पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करा, टाकी काठोकाठ भरा, २४ तास ठेवा. मग सोड्याच्या पाण्याने धुवा आणि त्याच घटकेला गरम हवेने सुकवून आत थोडं तेल फिरवा. आपल्या हवेत ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबडी होते. गंज काढल्यावर पाणी गळलं तर मात्र टाकी गेली म्हणायची; एम-सील लावून पेट्रोल कोंडू नये.

आरटीओ फाइल :
कागद कुणी विचारले नाहीत! जानेवारी २०२७ ला १५ वर्षं भरतात. त्यानंतर पाच-पाच वर्षांनी फेरनोंदणी, फॉर्म २५, दुचाकीला फी १,००० रुपये, उशीर झाला तर महिन्याला ३०० रुपये. पर्यावरण कर वेगळा. विमा, पीयूसी चालू हवं आणि गाडी तपासणीला उभी करावी लागते. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आधी. सगळ्यात महत्त्वाचं : हँडलच्या मानेवरचा चासी नंबर वाचता येतो का बघा. तिथे गंज असेल तर सँडपेपर मारू नका, ब्रशने रॉकेल लावा. ब्लास्टिंगला देताना नंबरवर जाड टेप हवीच. नंबर पुसला गेला तर गाडी कितीही सुंदर झाली तरी तपासणीत अडकेल. दुसरी चासी घालायची कल्पना तर आरटीओच्या परवानगीशिवाय मनातही आणू नका.

मालवणचो :
गाडी खुशाल घेवा, पण आधी मागचो पिव्होट बोल्ट फिरता काय बघा. नाय फिरलो तर भाव पाडा.

पाना दहा-बारा :
हेच मी लिहिणार होतो. तो बोल्ट लोखंडी बुशच्या नळीत गंजून एकजीव होतो. नट काढून हातोडीने ठोकला तर बोल्टाचं तोंड फुगतं आणि मग तो कधीच निघत नाही. गंज सोडवणारं तेल दोन दिवस मारत राहा, नट शेवटच्या आट्यांवर ठेवून लाकडाच्या ठोकळ्यावरून ठोका. तरी हलला नाही तर चासी आणि स्विंगआर्मच्या फटीतून हॅक्सॉच्या पात्याने दोन्ही बाजूंनी कापावा लागतो. बुश आणि बोल्ट नवे, पण चासी वाचते.

पावडर कोटिंगचा आग्रह मात्र माझा नाही. खड्ड्यांत क्षार राहिला तर पावडरच्या खाली फुगवटे येतात आणि गंज आत लपून वाढतो. आधी गोड्या पाण्याने जोरात धुवा, सुकवा, ब्लास्टिंग करा, त्याच दिवशी झिंकचा इपॉक्सी प्रायमर आणि वर साधा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. ओरखडा पडला की तेवढाच भाग हाताने परत रंगवता येतो. हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान करा. नळ्यांच्या आत मेणाचा फवारा, आणि खालची पाणी निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा.

सड्यावरचा :
काल नीट धुऊन बघितली. चासी नंबर स्पष्ट आहे. हातोडीला सगळीकडे खणखणीत, फक्त बॅटरी ट्रेचा पत्रा सडलाय. तो बोल्टने बसवलेला आहे. पिव्होट हलत नाही. चाक हलवल्यावर पिस्टन किंचित सरकला.

खारा वारा :
ट्रे बदलता येतो, त्याची काळजी नाही. चासी खणखणीत असेल तर माझा विरोध फक्त पैशाला. पिव्होट अडकलेला, फोर्क गेलेले, मोनोशॉक आणि क्रँक अजून न तपासलेले. १८ हजार द्यायचं काहीच कारण नाही. आठ हजार सांगा, दहाच्या वर जाऊ नका, आणि पैसे देण्याआधी मालकासमोर हेड आणि सिलिंडर काढून रॉड वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडी हालचाल चालते, वर-खाली अजिबात नको. मालक इंजिन उघडू देत नसेल तर सौदा तिथेच सोडा.

पाना दहा-बारा :
दहापर्यंत मीही घेईन. इंजिन बसवल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरला तेल बदला, १०डब्ल्यू-३०, आणि तोवर चढावर वरच्या गिअरला ओढू नका.