मदत हवी आहे: मंदीचा फुटबॉलच्या प्रेक्षकसंख्येवरील परिणाम कसा मोजावा?

नमस्कार. आर्थिक मंदीत व्यावसायिक फुटबॉल सामन्यांचे प्रेक्षक खरोखर किती घटतात, याचा मी अभ्यास करीत आहे आणि एका जागी माझे गाडे अडले आहे. २००८ च्या आर्थिक संकटानंतरही इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील मैदाने बऱ्याच अंशी भरलेलीच राहिली. पण अनेक क्लब विकलेली तिकिटे हीच उपस्थिती म्हणून जाहीर करतात. ज्याने उन्हाळ्यात संपूर्ण हंगामाचे तिकीट घेतले आणि डिसेंबरमध्ये ज्याची नोकरी गेली, तो घरी बसला तरी त्याची रिकामी खुर्ची आकडेवारीत भरलेलीच दिसते. त्याने तिकीट घेणे थांबवले, हे पुढच्या हंगामातच कळते. मला हा माणूसच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच आकड्यांतून निसटतो.

दुसरी अडचण तिकीटदरांची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलचे हजारो चाहते ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ ७७ व्या मिनिटाला मैदान सोडून गेले आणि क्लबला ती दरवाढ मागे घ्यावी लागली. मंदी मात्र तेव्हा ओसरली होती. मग घटत्या उत्पन्नाचा परिणाम, दरवाढीचा परिणाम आणि संघाच्या कामगिरीचा परिणाम एकमेकांपासून वेगळे कसे काढावेत? प्रवेशद्वारावरील प्रत्यक्ष नोंदी कोणत्या देशांत उपलब्ध होतात? तसेच महागड्या सामन्यांना मुकलेले प्रेक्षक खालच्या श्रेणीतील सामन्यांकडे वळतात का, हे तपासण्याची पद्धत कोणास ठाऊक असल्यास कृपया सविस्तर सांगावी.