'तीनच फ्लॅट उरलेत' : पुण्यात घर घेतानाचे अनुभव सांगा

सातारची_सून
सकाळी भाचीचा फोन. "मावशी, संध्याकाळपर्यंत टोकन द्या म्हणतायत, तीनच फ्लॅट उरलेत." रावेतला बघतेय ती. मला हसू फुटलं आणि ती चिडली. पण काय करणार, २०१० साली वाकडला आम्हालाही तीनच उरले होते.

तेव्हा रेरा (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) नव्हता, 'प्री-लॉन्च' (परवानग्यांच्या आधीच विक्री) जोरात होतं. रविवारी सकाळी बिल्डरच्या ऑफिसबाहेर मांडव, लाल खुर्च्या, वडापाव. आत एक पांढरा बोर्ड, त्यावर चौरस फुटाचा दर. एक मुलगी अधूनमधून यायची, डस्टरने फक्त शेवटचे दोन आकडे पुसायची आणि नवे लिहायची. ३२२५ चे ३२५०. ती बोर्डाकडे निघाली की अख्खी रांग गप्प. माझ्या पुढचे गृहस्थ चेकबुक उघडूनच उभे होते, बिल्डरचं नाव लिहिलेलं, सही केलेली, रक्कम तेवढी कोरी.

आमचा नंबर आल्यावर ह्यांनी विचारलं, सातबारा बघायला मिळेल का? तो सेल्सवाला म्हणतो, "सर, लोक इथे फ्लॅट बघायला येतात, तुम्ही शेत बघायला आलात का?" हे गडी सातारचे. तिथल्या तिथे उठले. मी घरी येईपर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही, इतका राग आला होता. पुढे त्या जमिनीवर भावकीचा दावा निघाला आणि इमारत चौथ्या मजल्यावर बरीच वर्षं तशीच उभी होती. आम्ही पिंपळे सौदागरला रीसेल घेतला, त्याची वेगळी रामकहाणी आहे, ती नंतर.

तुमचं सांगा. घेतलेलं, हुकलेलं, अडकलेलं, सगळं चालेल.

तिखटजाळ
आमच्या बिल्डिंगचं पझेशन होऊन चार वर्षं झाली. गेटवर बोर्ड अजून आहे, 'लास्ट फ्यू युनिट्स'.

अण्णा_कोथरूड
आमचे १९८६ चे. कोथरूड, डेपोच्या पुढे. सदाशिव पेठेतून निघालो तेव्हा वडीलबंधू म्हणाले, "वनवासाला चाललास, दिवाळीला तरी येत जा." रात्री नऊनंतर रिक्षावाला यायला तयार नसे.
सव्वा लाख. प्रॉव्हिडंट फंडातून उचल, हिच्या पाटल्या, बाकी कर्ज. ताबा लांबला की बिल्डरचे कारण ठरलेले, सिमेंट नाही. निम्म्या वेळा ते खरेही असे. सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण पूर्ण उठले ते १९८९ मध्ये. शिवाय जमीन कमाल धारणा कायद्याच्या परवानग्या होत्याच. बिल्डर स्वतः लुनावरून साइटवर यायचा आणि आमच्याबरोबर कटिंग प्यायचा. आता त्याच्या नातवाची गाडी आमच्या गल्लीत वळत नाही. गल्ली तेवढीच राहिली आहे.
सध्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटच्या बैठका सुरू आहेत. सगळ्यांना दोन खोल्या जास्त हव्यात. आम्हा दोघांना या वयात सामान बांधायचे नाही, पण तसे म्हटले की तरुण मंडळी आमच्याकडे अडथळा म्हणून बघतात.

पोळपाट
कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.
पुनावळे, सँपल फ्लॅट. बेडरूममध्ये मस्त डबल बेड, दोन्हीकडे टेबलं, तरी फिरायला जागा. माझे बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, खिशात टेप कायम. त्यांनी टेप काढली आणि बेड मोजला. पाच फूट दोन इंच! "हा कोणासाठी केलाय? जावयाचे पाय कुठे ठेवायचे?" सेल्सची मुलगी तोंडावर फाइल धरून हसत होती. मग बाबांनी दाखवलं, बाथरूम सोडून एकाही खोलीला दार नाही. दार उघडलं की कपाटाला थडकणार, म्हणून दारंच लावलेली नाहीत. आणि हॉलच्या एका भिंतीला वरपासून खालपर्यंत आरसा. नव
झाल्या शिट्ट्या. येते.

भाडेकरू_कायमचा
बाबांना एका रविवारसाठी भाड्याने द्याल का? डिपॉझिट देतो.

सातारची_सून
@पोळपाट, 'नव' काय? अर्धवट सोडू नका हो.

कलम_तेरा
रेरा आला म्हणून डोळे मिटू नका, पण आहे तो वापरा तरी. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे त्या कायद्याचं प्राधिकरण, सुरू आहे. त्यांच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका (पुण्याच्या जुन्या प्रकल्पांचे नंबर पी५२१ ने सुरू होतात). मंजूर नकाशे, जमिनीवरचा बोजा, कोर्टातले दावे, पझेशनची तारीख पुढे ढकलली असेल तर तेही तिथे दिसतं. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत, कलम १३. 'आधी २० टक्के भरा, मग अ‍ॅग्रीमेंट करू' असं कोणी म्हणालं की चहा संपवून उठायचं.
भाचीला सांगा, टोकन दिल्याशिवाय कागद दाखवत नाही म्हणणाऱ्याकडे दाखवण्यासारखे कागद नसतात.

टँकर_उंड्री
@कलम_तेरा, त्या साइटवर पाणी कुठे दिसतं तेवढं सांगा.
उंड्री २०१७ मध्ये महापालिकेत आली. फ्लॅट घेताना 'आता कॉर्पोरेशन आलं, वर्षभरात लाइन येईल' असं ऐकलं होतं. अजून टँकरवरच आहोत. बांधकाम परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवेन. सोसायटी स्थापन झाली की तो म्हणतो आता तुमचं तुम्ही बघा. हमीपत्राची प्रत आमच्या सेक्रेटरींकडे आहे, लॅमिनेट केलेली. एप्रिल-मेमध्ये टँकरचं बिल बाकी सगळ्या मेंटेनन्सच्या वर जातं. पहाटे पाचला तो रिव्हर्स घेताना जे गाणं वाजतं ते माझ्या मुलीला पाठ झालंय.

मांजरीण
वाघोली. सेम. आम्ही २०२१ मध्ये महापालिकेत घेतलेल्या २३ गावांत आलो. टॅक्सची बिलं मात्र वेळेवर आली हो.

बार्शीकर
माझं थोडक्यात. फोनवर माझं मराठी ऐकून एजंट खूश. "या सर रविवारी, किल्ली घेऊन थांबतो." मग नाव विचारायचा. मी सांगायचो. "अरे सर, मघाशीच टोकन झालं त्याचं." बाणेरला मघाशीच, पिंपळे निलखला मघाशीच, बावधनलाही मघाशीच. बँकेचं मंजुरीपत्र खिशात घेऊन फिरत होतो. शेवटी कोंढव्यात घेतलं. सगळे नातेवाईक तिथेच का राहतात ते तेव्हा कळलं.

सातारची_सून
काय बोलू, बार्शीकर. वाचून लाज वाटली.

दादरची_पोर
मुंबईत आम्हाला 'मच्छी खाता का' विचारून परत पाठवलं होतं. पण तुमचं त्याहून वाईट. आम्हाला निदान खोटं बोलता आलं असतं.

बार्शीकर
बायकोही हेच म्हणाली होती, 'आडनाव शाकाहारी असतं तर'. असो. शेजार चांगला मिळाला, ईदला शिरखुर्मा संपतो.

मिसिसागा_मराठी
इकडे टोरांटोच्या बाजूला उलटी तऱ्हा. किंमत मुद्दाम कमी लावतात, म्हणजे गर्दी होते. मग एक तारीख ठरते, त्या रात्री सगळ्यांनी बंद पाकिटातून ऑफर द्यायची. दुसऱ्याने किती लावले ते कळत नाही. एजंट फोन करून म्हणणार, 'ऑफरी खूप आल्यात, तुमची सुधारून देता का?' कोणापेक्षा सुधारायची? फेब्रुवारी २०२२ मध्ये तर घर तपासून घेण्याची अटही सोडा म्हणायचे. छप्पर गळतं का ते न बघता आयुष्यभराचं कर्ज. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "भाजी घेताना वांगं उलटं करून बघायला शिकवलं होतं ना तुला?"
आम्ही थांबलो. मार्चपासून बँक ऑफ कॅनडाने व्याजदर वाढवायला घेतले आणि बाजार उतरला. शेजाऱ्यांनी फेब्रुवारीतच घेतलं होतं. त्यांच्यासमोर हवामान, हॉकी, काहीही बोलतो, घर सोडून.

तिखटजाळ
आईंना आमचा नमस्कार. रावेतला पाठवता का त्यांना?

रजिस्टर_ऑफिस_रिटर्न
डिसेंबर २०२० कोणाला आठवतंय? सरकारने मुद्रांक शुल्क ३१ डिसेंबरपर्यंत ३ टक्क्यांनी कमी केलं होतं, जानेवारी ते मार्च २ टक्क्यांनी. अख्खं पुणे शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाच्या दारात. मास्क, सॅनिटायझर आणि सर्व्हर डाउन. अंगठा स्कॅन होईना, कारण सगळ्यांचे हात सॅनिटायझरने चिकट झालेले. आतला ऑपरेटर ओरडतोय, "अंगठा पुसा हो, अंगठा पुसा!" समोर एक आजोबा, मालक तेच, रिक्षातून चहा पीत थांबलेले, म्हणे नंबर आला की हाक मारा.
गंमत म्हणजे इतकी घाई करायची गरजच नव्हती. शुल्क ३१ तारखेच्या आत भरलं असेल तर दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवता येत होता. आमच्या वकिलांनी हे सांगितलं ते दस्त झाल्यावर, पेढा खाताना.

भाडेकरू_कायमचा
मी घर घेत नाही. बालेवाडीत ज्या फ्लॅटमध्ये राहतो त्याचं भाडं आणि त्याच फ्लॅटचा हप्ता यात दुपटीहून जास्त फरक आहे. हिशेब करून बघा.

हप्तेबाज
हिशेब बरोबर आहे, पण ११ महिन्यांनी मालकाचा मुलगा अमेरिकेतून परत येतो त्याचं काय?

भाडेकरू_कायमचा
आमच्या मालकाला दोन मुली आहेत, दोघी तिकडे सेटल.

हप्तेबाज
भाग्यवान आहात. माझं ऐका. २०२१ मध्ये ६.७ टक्क्यांनी कर्ज घेतलं, २० वर्षं. तेव्हा रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) ४ होता. मे २०२२ पासून वाढायला लागला तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा. हप्ता तेवढाच राहिला म्हणून मी निवांत. एक दिवस स्टेटमेंट उघडलं तर बँकेने मुदत वाढवून ठेवलेली. शेवटचा हप्ता माझ्या रिटायरमेंटच्या पलीकडे! बँकेत गेलो, तर समोरची मुलगी अगदी गोड आवाजात, "सर, मेसेज पाठवला होता." हप्ता वाढवून घेतला, सोसायटीच्या जिमचा नाद सोडला. २०२५ मध्ये दर खाली आले तेव्हा तो मेसेज मात्र लगेच दिसला.

पोळपाट
आले परत. 'नव' म्हणजे नवऱ्याला त्या आरशात हॉल दुप्पट दिसला, तो तिथेच हो म्हणायला निघाला होता. बाबांनी दंड धरून बाहेर आणला.
शेवटी ताथवडेला घेतला, तयार इमारतीत. पूर्णत्वाचा दाखला हातात, म्हणून जीएसटीचे ५ टक्के वाचले. दारं सगळी आहेत, बाबांनी प्रत्येक उघडून मिटून बघितलं.

चांदणी_चौक_पीडित
ब्रोशरमधल्या नकाशांवर कोणीच बोललं नाही? आमच्या भूगावच्या ब्रोशरमध्ये 'चांदणी चौक ५ मिनिटे' होतं. तो जुना पूल पाडेपर्यंत (ऑक्टोबर २०२२) पाच मिनिटांत मी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडत असे. आता नवा पूल झालाय, चौक खरंच सुटला, कोंडी पुढे सरकली.

तिखटजाळ
हिंजवडीवाल्यांना विचारा. मेट्रो ३ चं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, बिल्डर तिचे पैसे त्याच्या आधीपासून घेतायत.

मांजरीण
विषयांतर, पण कोणी वाघोली ते खराडी कारपूल करतं का? सकाळी साडेआठ.

सातारची_सून
रामकहाणी राहिली होती. पिंपळे सौदागरचा रीसेल. मालक म्हणाले, रेडी रेकनरवर (सरकारने ठरवलेल्या दराने) करार करू, वरचे रोख द्या. आमच्याकडे रोख कुठून येणार, दोघं पगारदार. बँकही करारातल्या रकमेवरच कर्ज देणार. हे म्हणाले सगळं चेकने. मालक म्हणाले मग गिऱ्हाईक रांगेत आहेत. आम्ही आलो निघून. दिवाळीनंतर त्यांचाच फोन, "ताई, ते रांगेतले रोखवाले निघालेच नाहीत." सगळं पांढऱ्यात झालं. सोसायटीच्या नावावर जमीन मात्र अजून नाही, मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डर सही करत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी) कागद गोळा करतोय. बिल्डर फोन उचलतो, 'सांगतो' म्हणतो, ठेवतो.

टँकर_उंड्री
ताई, सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज टाका, बिल्डरच्या 'सांगतो'वर राहू नका. आणि ज्यांनी पुणे मनपा हद्दीत नवीन घेतलंय त्यांनी मिळकतकराची ४० टक्के सवलत बघून घ्या. स्वतः राहत असाल तर पीटी-३ फॉर्म भरावा लागतो, राहत असल्याचा पुरावा जोडून. मध्ये २०१९ ला ती बंद झाली होती, २०२३ ला परत आली. आमच्या विंगमध्ये निम्म्यांना माहीतच नव्हतं.

बार्शीकर
@टँकर_उंड्री धन्यवाद, उद्याच भरतो.

रजिस्टर_ऑफिस_रिटर्न
कोणाला पार्किंगचे पैसे वेगळे लावलेत का? सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं होतं की स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेतलं) पार्किंग बिल्डरला विकता येत नाही. आमच्याकडून तरी घेतले, पावतीवर 'इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस'.

अण्णा_कोथरूड
आमच्या वेळी खाली तीन स्कूटर आणि वीस सायकली होत्या. आता त्याच जागेवरून दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत.

हप्तेबाज
पार्किंगला हात घालू नका, त्याला वेगळा धागा लागेल.

पोळपाट
काढा की. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त आहे माझ्याकडे, तेवढ्यावर दोन पानं भरतील.