कड ठीक, पण वरच्या सायीचं काय?

पॉलिमर म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, जसा डिंक; त्याच्या पाण्याचा थेंब काचेवर वाळला की तोही कॉफीच्या डागासारखा कडेलाच जमतो असं म्हणतात, ते अर्धंच पटतं. कड काचेला चिकटलेली असते, पाणी तिथून जास्त उडतं म्हणून आतला माल कडेकडे ओढला जातो, हे रॉबर्ट डीगन वगैरे संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलंच आहे. पण पॉलिमर घट्ट होत जातं ना, मग थेंबावर साय धरते, खालचं पाणी तरी जातच राहतं अन् साय मधोमध दबते नाहीतर सुरकुतते. आमच्या जळगावच्या मे महिन्यात बाभळीच्या डिंकाचं दाट पाणी काचेवर टाकून बघितलंय, उघड्यावर साय लगेच येते, वाटीखाली झाकलं तर खूप उशिरा.

पॉलिइथिलीन ऑक्साइड या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचं तर अजून वेगळं, तिथे कड सुटून आत सरकते आणि मध्ये चक्क सुळका उभा राहू शकतो!