उत्तर: दुकानात मराठी नोटीस गिचमिड का दिसते?

दादरच्या झेरॉक्सवाल्याकडे सोसायटीची नोटीस उघडली तर गिचमिड अक्षरं येतात, असा प्रश्न होता आणि त्यावर कोणीतरी फाँट बदलायचा सल्ला दिलाय. तेवढ्याने भागणार नाही. मजकूर नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. तिथे इंग्रजी अक्षरं-चिन्हं दिसली तर तो जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. त्या फाँटसाठीच्या कन्व्हर्टरमधून (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) काढा आणि जोडाक्षरं नीट तपासा, चुका हमखास तिथेच राहतात.

पुढचं टाइपिंग युनिकोडमध्येच करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजमधून मराठी भाषा जोडा. विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबला की कीबोर्ड बदलतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत अक्षर उच्चाराच्या क्रमाने टाइप होतं. 'कि'साठी आधी क, मग वेलांटी. 'सर्व'साठी स, र, हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), व. हलन्त डी या कीवर आहे. टाइपरायटरची सवय असलेले वेलांटी आधी मारतात, ती मग ठिपक्यांच्या सुट्या गोलासकट लटकते.

छापायला वर्डची फाइल नेऊच नका. वर्डमध्येच लेआउट टॅबमध्ये साइझ ए४ ठेवा, एफ१२ दाबून सेव्ह अ‍ॅज उघडा आणि फाइलचा प्रकार पीडीएफ निवडून सेव्ह करा. फाँट सहसा फाइलसोबतच जातो, त्यामुळे दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो नसला तरी नोटीस तशीच छापून येते.