मदत हवी: 'बारा बिअर'वरून भावाची सोयरीक अडकलीये, मापाचा हिशोब कसा पटवू?

जाईजुई:
लवकर सांगा प्लीज, संध्याकाळी मध्यस्थ काकांना फोन करायचाय. धाकट्या भावाचं लग्न जवळपास जमलंच होतं, रविवारी मुलीकडचे घरी आले आणि गप्पांच्या ओघात आमच्या चुलतभावानं कौतुकानं सांगून टाकलं की हा एका संध्याकाळी बारा बिअर प्यायला नि तरी सरळ चालत हॉटेलवर गेला. मुलीच्या मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली ती परत उचललीच नाही. भाऊ म्हणतो बारा खऱ्याच, पण ग्लास छोटे होते. हे कसं सांगू?

घाटावरचा:
६५० च्या बाटल्या की पाइंट? पाइंट धरले तरी ३३० गुणिले बारा, चार लिटर होतात. माझा मित्र चार बाटल्यांत आडवा होतो.

जाईजुई:
बाटल्या कुठून आल्या, ग्लास लिहिलंय ना. ऑफिसच्या कामाला जर्मनीला गेला होता तेव्हाचं आहे.

निवांत_काका:
जर्मनीत? मग ताई अवघड आहे. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला एक मग म्हणजे अख्खा १ लिटर. बारा लिटर कोण पिणार, भावाला नीट विचारा.

जाईजुई:
म्युनिक नाही हो, कोलोन!!

राइनकाठ:
हे आधी सांगायचं ना. मी चार वर्षं होतो तिथे. तिकडची क्योल्श बिअर २०० मिलीच्या उभट, बारीक ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा आणून ठेवतो आणि बिअरमॅटवर (ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर) पेन्सिलीनं रेघ मारतो. बास झालं असेल तर मॅट ग्लासवर झाकायची, नवख्याला हे माहीतच नसतं. बारा म्हणजे २.४ लिटर, आपल्या पावणेचार बाटल्या.

घाटावरचा:
मग पावणेचार काय कमी झाल्या? ४.८ टक्क्यांनी हिशोब केला तर व्हिस्कीचे साडेचार पेग होतात.

मोजूनमापून:
स्मॉल की लार्ज ते लिहा. इथे स्मॉल ३०, लार्ज ६०, इंग्लंडात सिंगल २५ किंवा ३५. नुसतं 'पेग' म्हटलं की ऐकणारा आपापलं माप धरतो, भांडण तिथेच सुरू होतं.

घाटावरचा:
पेग म्हणजे ६०च. ३० ला पेग कोण म्हणतं?

सुगरण_नाशिक:
भावाला सकाळी कोकम सरबत द्या, डोकं उतरतं.

जाईजुई:
अहो दोन वर्षं झाली त्याला!

सातारकर_वहिनी:
माझ्या मुलीच्या वेळी मीही मामांच्याच जागी होते. मिलीलिटर कोणाला हवेत, रोज पितो का तेवढंच कळायला हवं असतं. भावालाच फोन करू दे, आणि साडेचार पेग झाले तर तेही लपवू नका.

जाईजुई:
पटलं वहिनी. वर्षातून दोन-तीनदाच घेतो, तोच बोलेल. ती मॅट त्यानं आठवण म्हणून ठेवलीये, आत्ता काढली तर रेघा अकराच आहेत.