मिझेरेरेतला तो वरचा सी गाळला तर चालेल का?

गिरगावची_आल्टो
यंदा राखेच्या बुधवारसाठी (ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस) आमच्या क्वायरने, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाने, इटालियन संगीतकार अलेग्रीचं मिझेरेरे घेतलंय. ५१वं स्तोत्र, दावीदाची क्षमायाचना. माझी आजी हे रात्री मराठी पवित्र शास्त्रातून म्हणायची. बर्फाहून पांढरं होण्याची ओळ आली की चष्मा काढून ठेवायची, पुढचं सगळं तोंडपाठ. त्यामुळे हे नीट व्हावं अशी माझी फार इच्छा आहे.
अडचण अशी की गाणाऱ्या दोन गटांपैकी चार आवाजांच्या गटातल्या सोप्रानोला (सर्वांत उंच आवाज) पाच वेळा वरचा सी हा फार उंच सूर घ्यावा लागतो. आमच्याकडे ती दहावीतली मुलगी आहे. गेल्या शनिवारी तिसऱ्यांदा आवाज फाटला आणि ती रडत हॉलबाहेर गेली. सर म्हणतात, सी नसेल तर मिझेरेरेच नाही. खरंच असं आहे का?

वसईचा_बास
ताई, आधी त्या मुलीला सांगा की तो सी अलेग्रीचा नाहीच.
त्याने हे १६३०च्या दशकात व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या गायकांसाठी लिहिलं, तेही अगदी साधं: बराच वेळ एकाच स्वरमेळावर शब्द म्हणायचे आणि ओळीच्या शेवटी थोडं वळायचं. वरची नक्षी गायक आपापसात, तोंडी शिकवत. १८३१ साली जर्मन संगीतकार मेंडेल्सोनने रोममध्ये ऐकलं तेव्हा ते वरच्या पट्टीत गायलं जात होतं. त्याने टिपलेला एक तुकडा पुढे १८८०च्या ग्रोव्हच्या संगीतकोशात चुकून भलत्या जागी जोडला गेला, तिथून हा सी आला. तुमचा बास (सर्वांत खालचा आवाज) तिथे एफ शार्प या सुरावरून थेट सीवर उडी घेतो ना? तोच तो सांधा. मी ती उडी वर्षानुवर्षं गातोय, दर वेळी पाय घसरल्यासारखं वाटतं.
इंग्रज संगीत-इतिहासकार बर्नीने १७७१ साली लंडनमध्ये छापलेली प्रत घ्या, त्यात ही नक्षी नाही. सगळं गाणं खाली उतरवू मात्र नका, आम्ही बास तळाला जाऊन बसतो.

तानपुरा_दादर
मी ख्याल गाणारा, तुमच्या परंपरेतला नाही. पण एकदा हे चर्चमध्ये बसून ऐकलंय. माझ्या अंगावर काटा आला तो वरच्या सुरामुळे नाही, चौघं लांबून, मागच्या गॅलरीतून गात होते म्हणून. पुढे पाच जण, मग एकसुरी पठण, मग पाठीमागून ते चार आवाज. शेवटच्या कडव्यात नऊही एकत्र येतात, तिथे लय सावकाश सोडा. आणि पठण घाईने उरकू नका, शब्द कळले पाहिजेत.

गिरगावची_आल्टो
दोघांचे मनापासून आभार. सरांना बर्नीची प्रत दाखवली. ते बराच वेळ पानं उलटत बसले आणि मग म्हणाले, गाऊन बघू. मुलीला फोन केला, ती येतेय. या शनिवारी चौघांना गॅलरीत चढवतोय आणि पंखे बंद ठेवणार आहोत, त्यांच्या घरघरीत पठणातले शब्द बुडतात.